ऐकू येते

संसदेत बोलणाऱ्यांना पगार असतो, ओरडणाऱ्यांना प्रसिद्धी असते आणि हे सगळं लिहून घेणाऱ्यांना कोपऱ्यातलं एक छोटं टेबल असतं. त्या टेबलाशी कानोबांची नोकरी सरत आली होती. कानोबा हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. लघुलेखकांच्या खोलीनं ते त्यांना त्यांच्या कानांवरून बहाल केलं होतं. सभागृहात चार सदस्य एकदम उभे राहून एकमेकांच्या वाडवडिलांची विचारपूस करत असले, तरी कोण कोणाच्या वडिलांविषयी काय म्हणालं, हे कानोबांच्या पेन्सिलीतून वेगवेगळं उतरायचं. मग ते असभ्य म्हणून कामकाजातून काढून टाकलं जायचं. पण काढून टाकायलासुद्धा आधी ते कोणीतरी नीट लिहिलेलं असावं लागतं.

या कामाचे नियम थोडे आणि कडक. लघुलेखकानं तोंड उघडायचं नाही. हसायचं नाही. लोक हसले तर कंसात ‘हशा’ लिहायचं, भांडले तर ‘गोंधळ’. रडण्याला मात्र कंसात जागा नाही. साक्षीदार रडला तर ‘थोडा वेळ थांबून’ असं लिहायची पद्धत आहे, म्हणजे वाचणाऱ्याला वाटावं की माणूस पाणी प्यायला. आणि काही ऐकू आलं नाही तर पेन्सिल वर धरायची. ती दिसली की अध्यक्ष बोलणाऱ्याला थांबवतात आणि तो वाक्य पुन्हा बोलतो. संसदेनं लघुलेखकाला दिलेलं एवढंच काय ते भाषणस्वातंत्र्य. नवीन पोरं हात अवघडला तरी पेन्सिल वर करायची. कानोबांनी ती आजवर एकदाही केली नव्हती. त्यांचा तो तोरा होता, आणि दुसरा कुठलाच तोरा त्यांच्यापाशी नव्हता.

दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं वाहून आणल्यावर घरी स्वतःचं वाक्य काढायला त्यांना जड जायचं. पण अडत नसे. घरात बोलण्याचं खातं बायकोकडे होतं. ती दोघांचं मिळून बोलायची.

“यांना भाजी आवडली आहे,” ती मुलाला सांगायची.

“काही म्हणाले नाहीत ते.”

“दुसऱ्यांदा घेतली ना? तेच म्हणाले.”

एकुलता एक मुलगा बापाचे कान आणि आईची जीभ घेऊन जन्मला होता. तो एका गोदामावर होता. किल्ली त्याच्याकडे असायची. एके दिवशी गोदामातला माल गायब झाला. ज्यांनी नेला ते लांबचे आणि मोठे होते, म्हणून सापडले नाहीत. किल्ली जवळची आणि छोटी होती, म्हणून सापडली.

मग सुनावणी सुरू झाली. सुरू झाली, असं म्हणायचं आपलं. सुनावणीत सुनावतात सगळे. ऐकणारा तेवढा बदलून जातो. जामिनाचा अर्ज पहिल्या न्यायाधीशांनी ऐकला आणि निकाल राखून ठेवला. त्यांची बदली झाली, तेव्हा तो राखलेला निकालही बहुधा सामानाबरोबर गेला. दुसऱ्यांनी पहिल्यापासून ऐकायला घेतलं आणि ते निवृत्त झाले. तिसऱ्यांनी विचारलं, “हे अजून आतच आहेत का?” आणि आश्चर्य वाटल्याबद्दल पुढची तारीख दिली.

भेटीच्या दिवशी नवराबायको दोघं तुरुंगात जायची. भेटकक्ष म्हणजे एक लांबट खोली. मधोमध दोन जाळ्या. दोन्ही जाळ्यांच्या मधे एक पट्टा, त्यात एक शिपाई येरझारा घालतो. अलीकडे घरची माणसं, पलीकडे आतली माणसं, आणि सगळी एकदम बोलतात. शेजारचा ओरडतो म्हणून आपण ओरडायचं, आपण ओरडतो म्हणून शेजारचा आणखी ओरडतो. “वकील बदलला!” “चपला आणल्यात!” “धाकटी चालायला लागली!” असा सगळ्यांचा संसार त्या दोन जाळ्यांमध्ये एकमेकांवर आपटून खाली पडायचा आणि शिपाई तो तुडवत फिरायचा.

बायको तिथे शोभायची. पदर खोचून ती जाळीला तोंड लावायची आणि सगळ्या खोलीवर आवाज चढवायची. “जेवतोस का? केस का वाढवलेस? हे म्हणताहेत, वाळलास!” कानोबा मागे उभे राहून मान डोलवायचे. ते तसं खरंच म्हणत असायचे, मनातल्या मनात.

आणि मग बायकोच गेली. सकाळी उठली, चहा टाकला, “जरा गरगरतंय” म्हणून भिंतीला टेकली. चहा उतू गेला तरी ती उठली नाही.

मुलाला अंत्यदर्शनाला आणायचं तर न्यायालयाची परवानगी लागते, आणि न्यायालयाला सुट्टी होती. वकील फोनवर म्हणाला, “सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी अर्ज लावतो, काका.” कानोबांनी फोन ठेवला. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी अर्ज लागला असता, मंजूरही झाला असता. फक्त दर्शन घ्यायला कोणी उरलं नसतं.

पत्र पाठवता आलं असतं. पण तुरुंगातलं पत्र आधी तिथला कारकून वाचतो. आईची बातमी पोराच्या आधी कारकुनाला कळावी आणि त्यानं जांभई देत त्यावर शिक्का मारावा, हे कानोबांच्या मनाला पटेना. आपणच सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. भेटीच्या दिवशी ते पहिल्यांदा एकटे गेले.

मुलगा जाळीपाशी आला. त्यानं बापाच्या मागे पाहिलं, डावीकडे पाहिलं. मग ओरडला, “आई कुठाय?”

कानोबांनी आयुष्यभरात किती शोकप्रस्ताव लिहून घेतले होते! ‘दुःखद निधन’, ‘अपरिमित हानी’, ‘न भरून येणारी पोकळी’, सगळा माल त्यांच्या बोटांत तयार होता. ज्यांची पोकळी आठवड्यात भरली, अशा कितीतरी थोरांना त्यांनी त्या शब्दांत पोचवलं होतं. स्वतःच्या बायकोसाठी त्यातला एकही शब्द तोंडात येईना. शेजारचा एक पैलवानी गडी “पंप दुरुस्त झाला! पंप!” म्हणून आवाजानं भिंतीला खिंडार पाडत होता. कानोबा घरातल्या आवाजात म्हणाले,

“आई गेली.”

मुलगा क्षणभर तसाच उभा राहिला. मग कानामागे हात धरून ओरडला, “काय? गावाला गेली? मावशीकडे?”

आता कानोबांना दुसऱ्यांदा बोलायचं होतं, आणि ओरडून बोलायचं होतं. त्यांनी श्वास घेतला. तोंड उघडलं. पंपवाला थांबला नव्हता. शिपाई समोरून जात होता. कानोबांनी तोंड मिटलं आणि मान डोलवली.

“बरं झालं!” मुलगा ओरडला. “तेवढाच तिला आराम! गुडघा सांभाळ म्हणावं!”

एका मानेच्या हालचालीनं माणूस किती अडकू शकतो, ते पुढे कळलं. पुढच्या भेटीला मुलानं मावशीची खुशाली विचारली. मावशी बरी होती. तिची गायही व्याली होती. त्याच्या पुढच्या वेळी आईनं परसात भोपळा लावला. कानोबा ओरडत नव्हते, पण हातवारे करून भोपळा दाखवायला शिकले होते. मुलगा पलीकडून खूश होऊन मान डोलवायचा आणि नवं काही विचारायचा. कानोबा घरी येऊन रिकाम्या स्वयंपाकघरात बसायचे आणि पुढच्या भेटीला बायकोला काय काम द्यावं, याचा विचार करायचे.

मग एके दिवशी मुलगा आलाच नाही. शिपाई म्हणाला, “भेट नको म्हणतोय.” पुढच्या वेळीही तेच. त्याच्या पुढच्याही.

“आजारी आहे का हो?” कानोबांनी विचारलं.

“ठणठणीत आहे. नको म्हणतोय, बस्स. पुढचे या!”

अशातच एका समितीचं टिपण लघुलेखकांच्या खोलीत आलं. न्यायालयं आणि तुरुंग यांच्या कारभारावर लक्ष ठेवणारी संसदेची एक समिती होती. ती वर्षभर लक्ष ठेवायची आणि वर्षाअखेरीस ठेवलेलं लक्ष छापायची. यंदाचा विषय होता, खटल्याचा निकाल लागण्याआधीच तुरुंगात असलेल्यांची स्थिती. समिती एका तुरुंगाला भेट देणार होती आणि तिथेच साक्षी घेणार होती. तुरुंग मुलाचाच निघाला.

पाळी कानोबांची नव्हती. त्यांच्या खोलीत एक बाई होत्या, बुटक्या आणि फटकळ. बोलणं कुठे संपवायचं हे त्या ठरवायच्या, म्हणून त्यांना सगळे पूर्णविराम म्हणत. पाळी त्यांची होती.

“बाई, तुरुंगाचं मी करतो,” कानोबा म्हणाले.

पूर्णविरामांनी चष्म्यावरून पाहिलं. कानोबांनी स्वतःहून काही मागितल्याचं त्या खोलीत कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

“काय हो, तुम्हाला कसली हौस तुरुंगाची?”

“पाहिला नाही कधी. आतून.”

“आतून,” बाई म्हणाल्या. मग बराच वेळ त्यांनी पेन्सिलीला टोक केलं. “मी विचारत नाही, तुम्ही सांगू नका. जा. आणि तो करडा कोट घालू नका, त्यात तुम्हीच आरोपी दिसता.”

कानोबांचा बेत साधा होता. समिती बराकींतून फिरणार. लघुलेखक मागे राहतो, मागे राहिलेल्याकडे कोणी बघत नाही. मुलाच्या बराकीत दोन पावलं रेंगाळायचं, जवळ जायचं आणि सांगायचं. हळू आवाजात, हाताच्या अंतरावरून. ‘गेली’ हा शब्द काही पुन्हा वापरायचा नाही. त्यानं दगा दिला होता. रोज सकाळी दाढी करताना ते आरशाला सांगून बघत. “आई आता नाही रे.” “तुझी आई वारली.” आरसा नीट ऐकून घेई. त्याच्या मागे कोणी पंपाबद्दल ओरडत नसे.

समिती गाड्यांतून उतरली, तेव्हा तुरुंगाच्या भिंतींचा रंग अजून ओला होता. समितीचे अध्यक्ष जुने वकील, प्रेमळ माणूस. त्यांना एका कानानं कमी ऐकू येई. कोणत्या, ते समोर कोणत्या पक्षाचा माणूस बसला आहे त्यावर असे. सदस्यांमध्ये एक काटक, तरतरीत गृहस्थ होते. प्रत्येक गोष्टीला हरकत घ्यायची सवय असल्यामुळे त्यांचं नावच हरकतराव पडलं होतं. बाकीचे सदस्य सावली शोधत होते.

तुरुंगाचे अधीक्षक कडक इस्त्रीत सामोरे आले. “यावं, यावं. आमच्याकडे कैदी नसतात, साहेब, बंदी असतात.”

“फरक काय?” हरकतराव म्हणाले.

“शब्द बदललाय, साहेब.”

बराकी दाखवल्या. चकचकीत होत्या, फिनेलचा वास होता, आणि आत एकही माणूस नव्हता.

“माणसं कुठे आहेत?”

“मैदानावर, साहेब. स्वच्छता दिसावी म्हणून.”

“छान हवेशीर आहे,” अध्यक्ष म्हणाले. “गर्दी गर्दी म्हणतात, ती दिसत नाही कुठे.”

कानोबांनी लिहिलं: गर्दी दिसत नाही. मुलाच्या बराकीत ते ठरवल्याप्रमाणे मागे रेंगाळले. घड्या घातलेल्या सतरंज्यांची रांग होती. यातली त्याची कोणती, तेही कळेना. ती दोन पावलं त्यांनी फुकट रेंगाळून घेतली आणि मग ते समितीच्या मागे गेले.

भेटकक्षही रिकामा होता. अधीक्षक म्हणाले, “इथे नातेवाइकांशी बोलणं होतं. काही लोक तक्रार करतात की ऐकू येत नाही. तेव्हा आपणच खात्री करून घ्यावी.”

कल्पना सगळ्यांना आवडली. हरकतराव अलीकडच्या जाळीशी राहिले, अध्यक्ष फिरून पलीकडे गेले. त्यांच्यामागे वही घेऊन कानोबांनाही जावं लागलं. आजवर मुलगा जिथे उभा राहत होता, तिथे ते पहिल्यांदा उभे राहिले.

“ऐकू येतंय का?” हरकतराव समोरून म्हणाले.

“स्पष्ट!” अध्यक्ष म्हणाले.

“जेवायचं कधी?”

“हे झालं की!”

सदस्य हसले. कानोबांनी ‘हशा’ लिहिलं. मग त्यांनी मान वर केली आणि त्यांची पेन्सिल थांबली. अलीकडून आतल्या माणसांचे चेहरे नेहमी अंधुक दिसायचे; त्यांना वाटायचं, आतूनही तसंच दिसत असणार. पण खिडक्या सगळ्या या बाजूला होत्या. उजेड थेट समोरच्या जाळीवर पडत होता. हरकतरावांच्या मिशीतला पांढरा केससुद्धा इथून मोजता आला असता. ओठांची हालचाल, गळ्यातला आवंढा, सगळं काही. कानोबा ते बघत राहिले; समिती दालनाकडे निघाली, तेव्हा कोणीतरी त्यांना हाक मारली.

साक्षी अधीक्षकांच्या दालनात होत्या. लांब टेबल, हिरवं कापड, पाण्याचे पेले. लघुलेखकाचं छोटं टेबल साक्षीदाराच्या खुर्चीला जवळजवळ चिकटून. पहिल्यांदा अधीक्षकांनी स्वतःच साक्ष दिली. सगळं समाधानकारक होतं.

“आता एखादा बंदी बोलवा,” अध्यक्ष म्हणाले.

“हरकत आहे,” हरकतराव म्हणाले. “हे त्यांचा पढवलेला माणूस आणतील.”

“पढवलेला नाही, साहेब. मुळातच शहाणा आहे,” अधीक्षक म्हणाले. “लिहिता-वाचता येतं, कचेरीत मदत करतो, एवढ्या दिवसांत एक तक्रार नाही. किल्लीच्या प्रकरणातला आहे.”

कानोबांनी ‘किल्लीच्या’ हा शब्द लिहिला आणि तो नेहमीपेक्षा जरा मोठा आला.

मुलगा आत आला. केस बारीक कापले होते. त्यानं समितीला नमस्कार केला, खुर्चीकडे वळला आणि छोट्या टेबलामागचा माणूस त्याला दिसला. तो थांबला. डोळ्यांत काहीतरी आलं आणि गेलं. मग, बाप आयुष्यभर संसदेत जो नियम पाळत आला, तोच पाळून, तो गप्प खुर्चीत बसला. आता दोघांच्या मधे एक पाण्याचा पेला होता. जाळी नव्हती. एवढ्या जवळ तो शेवटचा बसला होता, तो घरी जेवायला.

कानोबांचं वाक्य तयार होतं. फक्त ते बोलायची परवानगी त्या खोलीतल्या सगळ्यांना होती, त्यांना सोडून.

“घाबरू नकोस,” अध्यक्ष म्हणाले. “तुला त्रास होणार नाही. जेवण मिळतं?”

“मिळतं, साहेब.”

“खटला कुठवर आलाय?”

“माझा अर्ज ऐकायला चौथे साहेब आलेत. चांगले वाटतात. म्हणून काळजी वाटते, त्यांचीही बदली होईल.”

दोघं-तिघं हसले. कानोबांनी ‘हशा’ लिहिलं.

“भेटकक्षाविषयी तक्रारी आहेत म्हणतात. तुझं काय म्हणणं? ऐकू येतं का तिथे?”

अधीक्षकांनी इस्त्री सावरली.

“येतं, साहेब,” मुलगा म्हणाला.

“बघा!” अधीक्षक म्हणाले.

“मला येतं,” मुलगा म्हणाला. “आमच्या घराण्यातच कान चांगले आहेत. माझे वडील एकदा एकटेच आले. आई गेली, असं सांगायला. ते हळू बोलतात. शेजारी एक जण पंपाबद्दल ओरडत होता. तरी मला पहिल्या वेळेलाच ऐकू आलं.”

कानोबांची पेन्सिल चालत होती. हात त्यांचा नव्हता. तीसेक वर्षांची सवय तो हात चालवत होती.

“कुठे गेली?” अध्यक्षांनी विचारलं. त्यांचा कमी ऐकणारा कान नेमका त्या बाजूला होता.

“वारली, साहेब.”

“अरेरे.”

“ते सांगून उभे होते. चेहरा असा, की आता हेच पुन्हा ओरडून सांगावं लागलं तर मोडून पडतील. मग मीच म्हटलं, गावाला गेली का, मावशीकडे? त्यांना सुटका मिळावी म्हणून. ते हो म्हणाले. त्यांना अजून वाटतं, मला कळलंच नाही.”

दालनात पंख्याचा आवाज येऊ लागला. तो आधीपासून होताच.

“मग आता भेट होते का वडिलांची?” हरकतरावांनी विचारलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच हरकतीचा नव्हता.

“मी जात नाही भेटीला.”

“का रे?”

“साहेब, त्यांना खोटं बोलता येत नाही. मावशीची गाय प्रत्येक वेळी निराळ्या रंगाची असते.”

आणि समिती हसली. वाईट माणसं नव्हती ती. गाय आली म्हणून हसली. हसायला काहीतरी मिळावं, अशी सगळ्यांचीच अवस्था झाली होती. मुलगाही जरासा हसला, खाली बघून. कानोबांनी कंस उघडला, ‘हशा’ लिहिलं, कंस बंद केला. आयुष्यात हजार वेळा लिहिलेला तो शब्द त्यांना पहिल्यांदाच वाचता येत नव्हता.

“मला ते बघवत नाही,” मुलगा पुढे म्हणाला. आता तो टेबलावरच्या पेल्याशी बोलत होता. “ते तिकडे तिला भोपळे लावायला लावतात, मी इकडून विचारतो वेल कुठवर आला. तिच्यासाठी दोघांपैकी कोणीच रडलं नाही अजून. मी रडलो तर त्यांना कळेल. म्हणून जात नाही.”

तेव्हा कानोबांनी पेन्सिल वर धरली.

अध्यक्षांना आधी ती दिसलीच नाही, कारण त्या टोकाला ती कधी दिसायची सवय नव्हती. मग ते चकित झाले. “कानोबा? तुम्हाला ऐकू आलं नाही?”

कानोबांची पेन्सिल वरच होती.

“ए बाळ, जरा पुन्हा सांग,” अध्यक्ष म्हणाले. “आमच्या लेखनिकांना ऐकू आलं नाही.”

मुलानं वर पाहिलं. बापाकडे. सरळ.

“ऐकू आलंय त्यांना, साहेब.”

“सांग म्हटल्यावर सांगायचं!” अधीक्षक गुरकावले.

मुलगा थोडा पुढे झुकला. घरातल्या आवाजात, भाजी वाढायला सांगावी तसं, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, “आई गेली. मला माहीत आहे.”

पेन्सिल खाली आली. कानोबांनी ते लिहिलं. मग त्यांनी मुलासमोरचा पाण्याचा पेला उचलला आणि स्वतःच प्यायला. साक्षीदाराचा पेला लघुलेखकानं पिणं हे नियमात कुठेच बसत नाही, पण त्याला हरकत घ्यायला हरकतरावांनाही सुचलं नाही.

“आभारी आहोत,” अध्यक्ष म्हणाले. “पुढचा साक्षीदार.”

मुलगा उठला. जाताना त्याचा हात छोट्या टेबलाच्या कडेवरून गेला. वहीला लागला की कानोबांच्या बोटांना, ते कोणाच्या लक्षात आलं नाही. शिपायानं दार ओढून घेतलं.

परतल्यावर कानोबांनी साक्षीची प्रत स्वतः टंकली. पूर्णविराम बाई मजकूर ताडून पाहायला बसल्या. एका जागी त्यांचं बोट थांबलं. तिथे कंसात लिहिलं होतं: थोडा वेळ थांबून.

“इथे कोण थांबलं? साक्षीदार तर पुढे लगेच बोलतोय.”

कानोबांनी पेन्सिलीला टोक करायला घेतलं.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, प्रतीकडे पाहिलं, साक्षीदाराचं आडनाव वाचलं. मग त्यांनी पान उलटलं. “राहू द्या,” त्या म्हणाल्या. “व्याकरणाला धरून आहे.”

यथावकाश समितीचा अहवाल आला. जाड होता, कागद उत्तम होता. न्यायाधीशांच्या बदल्यांबद्दल चिंता व्यक्त केली होती आणि ती योग्य त्या खात्याकडे पाठवली होती. भेटकक्षावर एकच वाक्य होतं. ‘समितीने स्वतः खात्री केली असून, बंद्याच्या साक्षीनुसारही, भेटकक्षात परस्परांचे बोलणे ऐकू येते.’ जाळ्या बदलायची शिफारस त्यामुळे करण्यात आली नाही. एका अर्थी वाक्य खरं होतं. कानोबांनीच ते शब्दशः उतरवलं होतं.

त्यानंतरच्या भेटीच्या दिवशी कानोबा करडा कोट घालून गेले. शिपायानं नाव पुकारलं आणि पलीकडे मुलगा आला. शेजारी एक बाई “शाळेत घातलं त्याला! शाळेत!” म्हणून जीव तोडून ओरडत होती. कानोबांनी दोन्ही हातांनी जाळी धरली. आता त्यांना ठाऊक होतं की उजेड आपल्या तोंडावर पडतो आणि पलीकडून सगळं दिसतं. त्यांनी चेहरा लपवला नाही. पलीकडच्या अंधुक आकृतीचे खांदे हलताना दिसत होते. इतक्या गोंगाटात दोन माणसं रडली तर ते कोणाच्या कानावर जाणार?

जाळ्यांमधला शिपाई दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा त्याला राहवलं नाही.

“अहो काका, बोला की काहीतरी! वेळ संपत आली.”

“बोलतोय,” कानोबा म्हणाले.

शिपायाला ते ऐकू आलं नाही. तो पुढे गेला.